भुवयांकडे तीन सेकंद

माझ्या भावाला आवाजानं आजारी पाडलं, आणि तो बरा व्हावा म्हणून ज्या दवाखान्यात ठेवला, तिथे जेवणाच्या खोलीतला टीव्ही सकाळी सातला सुरू व्हायचा तो रात्री नऊलाच बंद. बघत कुणीच नसायचं. मी पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारलं, हा जरा बंद करता येईल का? त्या म्हणाल्या, "टीव्ही असला की वॉर्डात कसा जिवंतपणा राहतो." तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपण कुठल्या शहाण्यांच्या तावडीत सापडलोय.

भाऊ एकोणीस वर्षांचा. घरात आम्ही त्याला मास्तर म्हणतो, कारण बोलायला लागल्यापासून तो सगळ्यांच्या चुका काढतो. त्याला ऑटिझम आहे हे तो पाच वर्षांचा असताना कळलं, आणि पुढची चौदा वर्षं आमचं बरं चाललं होतं. एका छापखान्यात तो प्रुफं तपासायचा. त्याच्या हातून एक चूक सुटत नसे, आणि मालक त्याला कुणाशी बोलायला लावत नसे. मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांना नव्या फरशीची हौस आली. दोन महिने डोक्यावर ड्रिल चाललं होतं. मास्तरनं आधी जेवण सोडलं, मग झोप सोडली, आणि एका दुपारी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली आणि आम्ही या मनोरुग्णालयात आलो. तरुण मुलांचा वॉर्ड, दहा दिवस, फक्त निरीक्षणासाठी. आईनं सही केली.

आत गेल्या गेल्या त्याचे कानावरचे हेडफोन काढून घेतले. वायरनं गळा आवळता येतो म्हणे. मी दुसऱ्या दिवशी बिनवायरचे घेऊन गेले. "पण चार्जिंगला वायर लागतेच ना," सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, मी रोज घरून चार्ज करून आणीन. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. हे आमचं बोलणं त्या टीव्हीखाली उभं राहून चाललं होतं, आणि टीव्हीची वायर चांगली हातभर खाली लोंबत होती.

तिसऱ्या दिवशी टीव्ही, घंटा आणि जेवणाच्या गाडीचं करकरणारं चाक असं सगळं एकदम झालं, तेव्हा मास्तर कान दाबून ओरडला. वॉर्डातल्या दोघा मदतनिसांनी येऊन त्याला धरलं. अंगाला हात लावलेला त्याला चालत नाही हे मी दाखल करताना फॉर्मवर लिहिलं होतं, ठळक अक्षरात. त्यानं हात झटकला, तो एकाच्या चष्म्याला लागला. कागदावर आलं: रुग्ण आक्रमक. दहा दिवसांचे दोन महिने झाले.

वॉर्डाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता, वर रंगीत अक्षरांत लिहिलेलं 'माझी प्रगती'. मुलं चौदापासून बावीसपर्यंतची, त्यातली दोघं ओठांवर मिशा असलेली, आणि तक्त्यावर त्यांच्यापुढे बालवाडीतल्यासारख्या चांदण्या चिकटवलेल्या. रकाने चार. नजरेला नजर देणे. हात शांत ठेवणे. गटात सहभाग. स्वतःहून संवाद. प्रत्येकाला पाच गुण. वीसपैकी पंधरा मिळाले की त्या दिवशी नावापुढे हिरवा पट्टा, दहाच्या खाली लाल.

हा तक्ता ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या गट घेणाऱ्या बाई. मी मनातल्या मनात त्यांना टाळ्याबाई म्हणायचे. रोज अकरा वाजता त्या सगळ्यांना गोल बसवायच्या, एकेकाला "आज मला कसं वाटतंय" हे सांगायला लावायच्या, आणि प्रत्येकानंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बारा मुलं, त्यातली निम्मी आवाजानं कासावीस होणारी, आणि बारा वेळा टाळ्या. एक सतरा वर्षांची मुलगी कानात कापसाचे बोळे घालून बसायची. बाई ते हसत हसत काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आपण जगाला आत येऊ द्यायचं हं!"

मास्तर दीड महिना लाल पट्ट्यात राहिला. प्रश्न विचारला की तो उत्तर द्यायचा, आणि अगदी बरोबर द्यायचा, पण खिडकीकडे बघून. त्याचे हात मनगटापासून हलत राहायचे. लहानपणापासून हलतात. तो खूश असला की हलतात, घाबरला की हलतात, विचार करत असला की हलतात. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. टाळ्याबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की हे हात म्हणजे संवादातला अडथळा आहे. मी विचारलं, "त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळत नाही का?" त्या म्हणाल्या, "कळतं हो, पण जोडले गेल्यासारखं वाटत नाही." जोडलं जायची हौस यांना, आणि गुण कापायचे त्याचे.

मग मोठ्या डॉक्टरांनी आई आणि मला बोलावलं. मोठे डॉक्टर मृदू बोलायचे. इतकं मृदू की आपण पुढे वाकायचो, आणि वाकलं की आपोआप गयावया केल्यासारखं दिसायचं. ते म्हणाले, "अजून महिनाभर बघू. मग बैठक घेऊ. सुधारणा दिसली नाही तर त्याला मागच्या इमारतीत हलवावं लागेल."

मागची इमारत मी पाहिली होती. गाडी लावायला जागा नसली की तिकडे जावं लागायचं. तीन मजले, खिडक्यांना जाळ्या, आणि दाराशी एक गृहस्थ खुर्चीत बसलेले असायचे. ते एकवीस वर्षांचे असताना आले होते आणि आता त्यांचे केस पांढरे झाले होते, हे मला रखवालदारानं सांगितलं. अगदी कौतुकानं सांगितलं, संस्थेतले सर्वात जुने म्हणून.

मी म्हटलं, "आई, चल, आपण आपल्या जबाबदारीवर घेऊन जाऊ त्याला."

"आणि परत डोकं आपटून घेतलं तर? डॉक्टर म्हणालेत, असं नेलं तर पुन्हा दाखल करणार नाहीत."

"अगं, वरचं ड्रिल केव्हाच थांबलंय."

"एवढे शिकलेले लोक आहेत गं ते," आई म्हणाली. आईचा शिकलेल्या लोकांवर फार विश्वास. मी तिच्याशी भांडले, मग गप्प बसले, कारण सही तिची होती.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगते. मी गाडी चालवायला शिकवते. सोळा वर्षं झाली. माझ्या हाताखालून शेकडो लोक परवाना घेऊन गेलेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाडीत मी स्वतः बसणार नाही. कारण गाडी चालवता येणं वेगळं आणि परीक्षा पास होणं वेगळं, आणि लोक माझ्याकडे दुसऱ्यासाठी येतात. परीक्षेला मी एकच मंत्र देते. आरशात बघताना मान वळवा. नुसते डोळे फिरवलेत तर परीक्षकाला ते दिसत नाही, आणि त्याला दिसलं नाही म्हणजे तुम्ही बघितलंच नाही. उत्तम चालवणारे लोक यात नापास होतात आणि ठोंबे पास होतात.

त्या तक्त्यासमोर उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही परीक्षा आहे. परीक्षक मठ्ठ आहे. माझा विद्यार्थी हुशार आहे. मग अडलंय कुठे?

भेटीची वेळ रोज चार ते पाच. मी दुपारच्या शिकवण्या पुढे ढकलल्या आणि रोज जायला लागले. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल. मी त्याला सांगितलं, "मास्तर, तुला घरी यायचंय?"

"हो."

"मग हे सगळं परीक्षेसारखं करायचं. डोळ्यांत बघायचं नाही. भुवयांकडे बघायचं. त्यानं काही होत नाही, आणि समोरच्याला फरक कळत नाही. तीन सेकंद भुवया, मग टेबल, मग परत भुवया. हात मांडीखाली. गोलात आपली पाळी आली की म्हणायचं, आज मला कालपेक्षा बरं वाटतंय. आणि दिवसातून दोनदा सिस्टरना आपणहून विचारायचं, तुम्ही कशा आहात."

"त्या कशा आहेत ते मला ठरावीक वेळी कशाला विचारायचं?"

"पाच गुण आहेत त्याला."

हे त्याला पटलं. आम्ही सराव सुरू केला. मी टाळ्याबाई व्हायचे, मोठे डॉक्टर व्हायचे. तो तीन सेकंदांऐवजी दोनच मोजायचा, मी टेबलावर बोट आपटायचे. हात वर आले की म्हणायचे, "हात." एकदा तो म्हणाला, "ताई, आज नको." मी म्हटलं, "परीक्षक आज नको म्हटल्यावर ऐकतो का? चल, परत." आणि जमलं की, "छान! परत कर." मी चांगली शिक्षिका आहे. माझा निकाल नेहमीच वरचा लागतो.

आठवड्यात तो लालातून बाहेर आला. दुसऱ्या आठवड्यात हिरवा पट्टा. नंतर रोज हिरवा. अठरा गुण, एकोणीस गुण. टाळ्याबाई मला दारातच गाठून सांगायला लागल्या, "बघा, उमलतोय!" शेजारच्या विभागातल्या दोघींना त्यांनी त्याला बघायला आणलं. मी मान डोलवायचे, आभार मानायचे, आणि घरी येऊन आईसमोर त्यांची नक्कल करायचे. इतकं हसू मला कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

एकच गोष्ट खटकली. औषधांच्या यादीत पोट साफ व्हायचं औषध आलं होतं. मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला भयंकर बद्धकोष्ठ आहे. दिवसातून तीनदा संडासात जातो आणि चाळीस चाळीस मिनिटं बसतो. डोस दुप्पट केलाय, तरी तेच." मला वाटलं, इथलं जेवण. मी पुढे काही विचारलं नाही.

बैठकीच्या दिवशी लांबट टेबलाच्या पलीकडे मोठे डॉक्टर, टाळ्याबाई आणि सिस्टर. अलीकडे आई, मास्तर आणि मी. मास्तरनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं डॉक्टरांना तुम्ही कसे आहात असं विचारलं, तीन सेकंद वर, मग टेबल, मग परत वर. मांडीखालचे हात हललेसुद्धा नाहीत. डॉक्टरांनी त्या तक्त्याची प्रत पुढे ओढली आणि तिच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "उल्लेखनीय. आमच्या पद्धतीचं इतकं स्वच्छ यश क्वचित दिसतं."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी मनात गाडीची किल्ली हातात घेतलेली.

"आणि म्हणूनच," डॉक्टर आणखी मृदू झाले, "हे यश पक्कं व्हायला हवं. आत्ता घरी गेला तर सगळं मातीमोल होईल. मागच्या इमारतीत सहा महिने हीच पद्धत अधिक सखोलपणे राबवू. तिथे गट दिवसातून दोनदा असतो."

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग समजलं. नापास झाला तर मागची इमारत, आणि पास झाला तरी मागचीच इमारत. असा परीक्षक मला सोळा वर्षांत भेटला नव्हता. टाळ्याबाई खुशीत मान हलवत होत्या. आईनं सहीसाठी पेन उचलून हातात धरलंसुद्धा होतं. मास्तर टेबलाकडे बघत होता आणि ओठातल्या ओठात मोजत होता. तीनच्या पुढे गेला होता, सतरा, अठरा.

मी पेन आईच्या हातातून काढून घेतलं.

"मास्तर," मी म्हटलं, "डॉक्टरांच्या डोळ्यांचा रंग कोणता?"

"माहीत नाही."

"गेला महिनाभर त्यांच्याकडे बघतोयस ना?"

"भुवयांकडे. डाव्या भुवईत अकरा पांढरे केस आहेत. गेल्या सोमवारी नऊ होते."

डॉक्टरांचा हात भुवईकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"किती वेळ बघायचं?"

"तीन सेकंद. मग टेबल. तू सांगितलंस तसं."

"आणि गोलात तुला रोज कालपेक्षा बरं वाटतं?"

"नाही. ते वाक्य आहे. आज तीस दिवस झाले. रोज खरंच कालपेक्षा बरं वाटलं असतं तर आता मी खूपच बरा असतो."

"आणि हे हात? ते हलायचे थांबले?"

"नाही. संडासात हलवतो. सकाळी एकदा, दुपारी, संध्याकाळी. तिथे दाराला कडी आहे." मग तो सिस्टरकडे वळला. बघून नव्हे, नुसता वळला. "मला बद्धकोष्ठ नाहीये. त्या औषधानं पोटात कळा येतात. मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, स्वतःहून संवाद, छान, आणि एक चांदणी लावलीत."

सिस्टरनी तोंडावर हात धरला. त्यांना निदान शरम वाटली, एवढं त्यांच्या नावावर मी लिहून ठेवते. टाळ्याबाईंचं तोंड मात्र उघडंच राहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं नाटक होतं? आम्ही त्याच्यावर एवढा जीव लावला!"

"तुम्ही गुण लावलेत, बाई," मी म्हटलं. "यश वगैरे काही नाही. मी गाडी शिकवते तसं त्याला शिकवलंय, रोज चार ते पाच. तुमच्या पद्धतीचा उपयोग शून्य."

डॉक्टरांनी तक्त्याची प्रत बाजूला सारली. मला वाटलं होतं, हा माणूस आता विचारेल की मुला, तुला काय होतं, कशानं त्रास होतो. निदान कळांबद्दल तरी विचारेल. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांचा मृदूपणा गळून पडला होता आणि खाली एक रुसलेला माणूस निघाला.

"अशा परिस्थितीत खाट अडवून ठेवण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "कुटुंबच उपचारात ढवळाढवळ करत असेल तर आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही." आणि लिहिलं. उलट्या बाजूनंही मला वाचता आलं. उपचारांना प्रतिसाद नाही. कुटुंबाचं सहकार्य नाही. घरी सोडावे.

तर असं आहे. पास झालेल्याला कोंडतात आणि नापास झालेल्याला सोडतात. मला हे आधी माहीत असतं तर मी त्याला पहिल्या दिवसापासून टेबलावर चढून बसायला शिकवलं असतं. मी तो कागद अक्षरशः नाचवत जिना उतरले. आई मागून म्हणत होती, "किती उद्धटपणे बोललीस गं, किती उद्धटपणे." मी म्हटलं, अजून निम्मं बोलायचं राहिलंय.

गाडी फाटकाजवळ होती, टपावर शिकाऊ गाडीची पाटी असलेली. आई मागे बसली आणि पाच मिनिटांत तिचा डोळा लागला. मास्तर माझ्या शेजारी, विद्यार्थ्यांच्या शेजारी मी बसते त्या जागी, पायाशी तो जादा ब्रेक. मी फुशारक्या मारत होते. त्या बाईचं तोंड कसं झालं, अकरा केस म्हटल्यावर डॉक्टर कसा दचकला. मी एकटीच हसत होते. पहिल्या सिग्नलला थांबले तेव्हा बघितलं, त्याचे हात अजून मांडीखाली होते.

"अरे, काढ ते हात. संपली परीक्षा."

त्यानं काढले नाहीत. म्हणाला, "भुवया बघतानासुद्धा होतं."

"काय होतं?"

"ड्रिल. डोळे बघितले की डोक्यात ड्रिल चालतं. तू म्हणालीस भुवया बघ म्हणजे काही होत नाही. भुवया बघितल्या तरी होतं. थोडं कमी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. आज नको म्हटलं. तू म्हणालीस चल, परत. मग छान, परत कर."

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. दिवा हिरवा झाला होता. मी गिअर टाकला, गाडी बंद पडली. सोळा वर्षांत माझी गाडी चौकात कधी बंद पडली नव्हती. परत सुरू केली आणि चौक ओलांडला. त्या खोलीत ज्यांना मी मठ्ठ म्हणत होते, ते त्याला रोज तासभर गोलात बसवायचे. आणि त्यानंतर चार ते पाच मी बसवायचे, टेबलावर बोट आपटत. त्यांना निदान माहीत नव्हतं तो कसा आहे ते. मला एकोणीस वर्षं माहीत होतं. मला लाज वाटली.

"ताई," तो म्हणाला.

"काय रे?"

"घरी तुझ्याकडे पण बघायचं का?"

"नको," मी म्हटलं. "माझ्याकडे नको. कुणाकडेच नको."

"नक्की? नंतर बदलायचं नाही."

"नाही बदलणार."

त्यानं मांडीखालून हात काढले. बोटं पांढरी पडली होती. थोडा वेळ ती नुसती गुडघ्यांवर पडून राहिली, मग मनगटापासून हळूहळू हलायला लागली. तो खिडकीकडे वळला, पूर्ण पाठ माझ्याकडे करून, आणि घर येईपर्यंत तसाच बसला.